बिनस्वेटरचा जंतू

बुधवार, ३ तारीख

ठके,

आशीर्वाद नेहमीचेच. पाकिटात मावतील तेवढे घे, उरलेले येशील तेव्हा देईन.

तुझं पत्र आलं तेव्हा मी बाहीचे टाके मोजत होते. पोस्टमनने खालून हाक मारली आणि मोजणी गेली पार. पुन्हा पहिल्यापासून. तरी बरं वाटलं. दुकानवाल्याने शाळेच्या स्वेटरांची ऑर्डर दिली आहे. सगळे एकाच निळ्या रंगाचे, विणता विणता माझी बुबुळं निळी होतील आणि तू आल्यावर म्हणशील ही कोण परदेशी बाई. मी त्याला म्हटलं, अहो एखादा तांबडा तरी द्या मध्ये, जीव रमेल. तर म्हणतो, आजी, शाळा आहे, सर्कस नाही.

तुझ्या लेकीचा पुढचा दात पडला. तो तिने काडेपेटीत ठेवलाय, आईला दाखवायला. दिवसभर प्रश्न, टिटवी नाव उगाच नाही ठेवलं आपण. परवा विचारते, "पणजी, आई तिथे काय काम करते?" मी म्हटलं, काचेवर रंग लावते. "मग आई पेंटर आहे?" आता मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, काय सांगणार? म्हटलं, आईलाच विचारते. तर नीट सोपं करून लिही. ती सहा वर्षांची आहे आणि मी तिच्याहून थोडी कमीच हुशार, असं धरून लिही. जावईबापूंचं बोटीवरून कार्ड आलं होतं, दोन ओळींचं. त्यातली एक ओळ हवेबद्दल. बरे आहेत.

आता जे आधी लिहायचं ते शेवटी लिहिते. टिटवीला खोकला झाला आहे. कोरडा, ठसक्यासारखा, येतो तेव्हा येतच राहतो. संध्याकाळी अंग कोमट लागतं. मी आधी म्हटलं, जाईल. गेला नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी लावून ऐकलं, गुलाबी पातळ औषध दिलं, सात दिवस, तीन वेळा. त्यांना तुझं फार कौतुक. म्हणाले, तुमची नात एवढ्या मोठ्या दवाखान्यात जंतू ओळखायला शिकतेय, आम्हालाच सांगेल आता.

तू काळजी करू नकोस. मी करतेय. घरात एकीने केली की पुरते.

तुझी आजी

शनिवार, ६ तारीख

प्रिय आजी,

पेंटर नाही म्हणावं, पण फार लांबही नाही.

जंतू म्हणजे एकच पेशी, इतकी बारीक की हजार एका रांगेत उभे केले तरी रांग मुगाच्या दाण्याएवढी होणार नाही. पण त्याच्या आत पाण्याचा दाब भलताच असतो. नुसती कातडी असती तर तो फुग्यासारखा फुटला असता. म्हणून तो अंगाभोवती भिंत घालतो. ही भिंत विटांची नाही, आजी, विणलेली असते. साखरेच्या कणांच्या लांब माळा, तुझ्या ओळींसारख्या एकीशेजारी एक, आणि त्या एकमेकींना बांधणारे प्रथिनाचे आखूड आडवे टाके. म्हणजे जंतू आपल्या मापाचा स्वेटर घालूनच जन्माला येतो आणि वाढेल तसा तो विणत राहतो.

काहींचा स्वेटर जाड, थरावर थर. काहींचा अगदी पातळ, आणि त्यावर तेलकट रेनकोट. आम्ही काचेवर आधी जांभळा रंग घालतो, मग आयोडिन, मग स्पिरिटने धुतो, शेवटी गुलाबी रंग. जाडवाले जांभळा रंग घट्ट धरून ठेवतात. पातळवाल्यांचा तेलकट थर स्पिरिटने जातो, त्याच्याबरोबर जांभळा निघून जातो आणि ते गुलाबी दिसतात. एवढ्यावरून पहिला अंदाज येतो की समोर कोण आहे. हे माझं दिवसभराचं काम.

टिटवीचं औषध या विणकामावरच घाला घालतं. जंतूची टाके घालणारी सुईच ते धरून ठेवतं. जंतू वाढतो, पण टाके पडत नाहीत, स्वेटरला भोकं पडतात, पाणी आत घुसतं आणि फट्!

म्हणून आजी, हात जोडून सांगते, बाटली शेवटच्या थेंबापर्यंत दे. ताप उतरला तरी दे. अर्ध्यावर सोडलंस तर उरलेले जंतू पुन्हा विणायला बसतात. मोरीवरची फळी मी विसरलेले नाही.

परीक्षा महिनाअखेरीस आहे. तोवर रजा मागितली तर वर्ष गेलं. नाहीतर कधीच आले असते. दात जपून ठेवा.

तुझी,
ठकू

गुरुवार, ११ तारीख

ठके,

अगं काय पत्र लिहिलंस! मी ते आधी मनात वाचलं, मग टिटवीला मोठ्याने वाचून दाखवलं, मग खालच्या काकूंना. दूधवाला येऊन उभा होता, त्यालाही सोडलं नाही. तो म्हणाला, आजी, दूध उतू जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, तुला माहीत आहे का, जंतू स्वेटर घालतात! पन्नास वर्षं मी विणतेय आणि मला वाटायचं हे काम माणसांनी शोधलं. आपल्या आधी किती जणांनी टाके घातलेत बघ, आणि तेही सुई न दाखवता. त्यांची एखादी ओळ बघायला मिळाली असती तर! उलट की सुलट, एवढं तरी विचार तुझ्या मोठ्या डॉक्टरांना. हसतील तर हसू देत.

काकू म्हणाल्या, "अहो, मग धुतल्यावर त्यांचे आटत असतील." मी म्हटलं, तुम्ही आपल्या वाटाणे सोला.

बरं. बाटली संपली. ताप जरासा कमी झाल्यासारखा वाटला होता, पण पुन्हा संध्याकाळी तसाच. खोकला काही हलत नाही. डॉक्टरांनी घशात काडी फिरवून घेतली आणि तपासायला पाठवली. काल उत्तर आलं. काचेवर जंतू म्हणून काही दिसला नाही, नुसत्या पू झाल्यावर असतात त्या पांढऱ्या पेशी. डॉक्टर चष्मा पुसत बसले. म्हणाले, दोन दिवस बघू, नाहीतर औषध बदलतो. मला त्यांचं ते चष्मा पुसणं आवडलं नाही. माणसाला बोलायचं नसलं की तो काच पुसतो.

जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसते. मी म्हटलं, दमलीस? तर म्हणते, नाही, बघतेय. काय बघतेस? तर काही नाही.

आणि ठके, काल दिवसभरात तिने मला एकच प्रश्न विचारला. "पणजी, पाणी देतेस?" हा काय प्रश्न झाला?

तुझी आजी

रविवार, १४ तारीख

आजी,

हे पत्र वाचून तू रागावशील. रागाव.

पत्र मिळाल्यावर मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर औषध बदलायच्या बेतात होते. मी त्यांना थांबवलं. सांगितलं की आमच्या आजीला औषध उरवायची सवय आहे. पुढच्या वेळी होईल म्हणून अर्धं ठेवून देते आणि बाटली संपली असं सांगते. मी लहान असताना तू हेच करायचीस. आई गेल्यावर माझा कान फुटला होता, तेव्हाही तू "संपली गं" म्हणालीस आणि मला फळीवर पाच बाटल्या सापडल्या होत्या, पाचही अर्ध्या.

काचेवर जंतू दिसला नाही याचा अर्थ मला स्पष्ट दिसतो. अर्ध्या औषधाने ते दबले, मेले नाहीत. म्हणून डॉक्टरांनी तेच औषध पुन्हा सुरू केलं आहे, थोडं वाढवून. या वेळी प्रत्येक चमचा खालच्या काकूंसमोर पाज. त्यांना मी चिठ्ठी टाकली आहे.

माझी मुलगी आहे, आजी. मला तिथे येता येत नाही. तुझ्या हाताशिवाय माझ्यापाशी काही नाही, आणि त्या हाताची सवय मला माहीत आहे.

ठकू

गुरुवार, १८ तारीख

ठके,

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा काढून ठेवला.

तू म्हणालीस तसं चाललं आहे. तीन वेळा काकू वर येतात. मी चमचा भरते, त्या बघतात. मी चोर आणि त्या फौजदार. बिचाऱ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात, मग मीच म्हणते, अहो इकडे बघा, नाहीतर पुन्हा चिठ्ठी येईल.

पाच बाटल्या होत्या, ते खरं. सातही असतील. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं की आतमध्ये काय चाललंय. औषध द्या, म्हणायचे, दिलं. पोर हसायला लागली की थांबवलं. चांगली वस्तू पोटात ओतून संपवायची कशाला, असं वाटायचं. या वेळी तू सांगितलंस. स्वेटर, सुई, टाके, सगळं. मी विणणारी बाई आहे ठके, अर्धवट सोडलेल्या विणीचं काय होतं आणि दुसरं कुणी ती पुन्हा कशी उचलतं, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी तिला चमचा देताना मनात म्हणायचे, धर मेल्याची सुई. शेवटच्या दिवशी बाटली उलटी करून ठेवली. तळाशी चिकटलेलं खाली आलं, ते दिलं. मग बाटलीत चमचाभर पाणी घातलं, हलवलं, तेही पाजलं. टिटवी म्हणाली, "पणजी, हे तर पाणीच आहे." मी म्हटलं, पी गुपचूप, यात दोन थेंब असतील.

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली गं. पण माझं सोड. मला फाशीचं काही वाटत नाही, चोर मोकळा फिरतोय त्याचं वाटतं.

पोरगी बरी नाही. बोलता बोलता थांबते आणि उरलेलं वाक्य सोडून देते. श्वास घेताना फासळ्या वर येतात, मी हात ठेवून बघते. आडवं झोपवत नाही, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसल्या बसल्या झोपते आणि मी हलत नाही. मान धरली, खांदा धरला, पण हलत नाही. निळ्या स्वेटरची बाही तशीच पडली आहे. दुकानवाला येऊन बघून गेला, म्हणाला, सावकाश द्या. तो असं म्हणाला याने मला जास्त धसका बसला, तो माणूस एक दिवस सोडणारा नाही.

आता एक विचार मला सुचतो, आणि तो कुणाला सांगू? मी खोटी असेन, तर हे औषध आता लागू पडायला हवं. मी खरी असेन, तर पडणार नाही. आणि ठके, ते पडत नाहीये. मी खोटी असते तर किती बरं झालं असतं.

हवी तेवढी रागाव, पण आधी खरं मान. मग रागाव.

आजी

शनिवार, २० तारीख

आजी,

पत्र दारातच फोडलं आणि जोडे न काढता फोनकडे गेले. डॉक्टरांशी बोलले. औषध आजच बदललं आहे, हे पत्र पोचेपर्यंत तू ते देत असशील. तरी लिहिते, कारण हे तुला माझ्याकडून कळायला हवं.

मी त्या पाण्यावर विश्वास ठेवला. चमचाभर पाणी घालून बाटली हलवली, असं कुणी रचून सांगत नाही. आणि तू बाटली खरंच संपवली असशील, तर काचेवर जंतू न दिसण्याचा दुसराच अर्थ होतो. आमच्या पुस्तकात त्याला जेमतेम दीड पान आहे. एक जंतू असा असतो की त्याला भिंतच नसते. ना जाड ना पातळ. नुसती मऊ कातडी, आकाराचाही पत्ता नाही. तो आपल्या श्वासनळीच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतो आणि तिथेच जगतो. भिंत नाही म्हणून आमचा रंग त्याच्यावर बसत नाही, तो काचेवर असूनही दिसत नाही. आणि टिटवीचं औषध भिंतीचे टाके अडवणारं. ज्याच्या अंगात स्वेटरच नाही, त्याची सुई धरणार कुठून? तू आणखी दहा बाटल्या पाजल्या असत्यास तरी काही झालं नसतं.

खात्रीची तपासणी पाठवली आहे, तिला वेळ लागेल. डॉक्टर म्हणाले, थांबायचं नाही. नवीन औषध भिंतीच्या वाटेला जातच नाही. जंतूच्या आत प्रथिनं बनवायचा कारखाना असतो, तो बंद पाडतं. पण दोन दिवस लागतील, आजी. आणि श्वास अजून जोरात चालला, ओठ निळसर दिसले, तर माझी, डॉक्टरांची, कुणाचीच वाट बघू नकोस. खालच्या काकूंच्या यजमानांना, काकांना, गाडी काढायला सांग आणि मोठ्या दवाखान्यात ने. मी त्यांना फोनवर सांगून ठेवलं आहे.

डॉक्टर गेल्या आठवड्यातच औषध बदलत होते. मी थांबवलं. मला वाटलं मी जंतू ओळखते, आणि आजीला तर त्याहून चांगली ओळखते. त्यांना आज सांगितलं, चूक आजीची नाही, माझी. तुला कसं सांगू ते कळत नाही.

तू ये म्हण. परीक्षा गेली खड्ड्यात, मी निघते.

ठकू

सोमवार, २९ तारीख

ठके,

डॉक्टरांच्या फोनवरून तुला रोजचं कळत होतंच, आणि येऊ नकोस हा माझा निरोपही त्यांनी दिलाच असेल. मला त्या फोनमध्ये नुसती घरघर ऐकू येते, म्हणून सगळं साठवून आता लिहिते.

तुझी माफी पोचली. ती एकदा आली तेवढी पुरे. माझ्या अंगावर असलं ओझं टाकू नकोस, खांदा अजून दुखतोय.

खात्रीचा कागद काल आला. तोच निघाला, तुझा बिनस्वेटरचा. मी काकूंना म्हटलं, उघड्यापाशी नागडं गेलं आणि रात्रभर थंडीनं मेलं, तशी या औषधाची गत झाली. काकू हसल्या आणि मग दाराआड जाऊन डोळे पुसून आल्या. डॉक्टर म्हणाले, आजी, पुढच्या वेळी मी आधी तुम्हाला विचारीन. मी म्हटलं, पुढची वेळच नको हो, त्यापेक्षा विचारूच नका.

पहिले दोन दिवस काही फरक नव्हता. ते कसे गेले ते लिहीत नाही. काकांनी गाडी दारात लावून ठेवली होती, तोंड रस्त्याकडे करून. मी तिच्या ओठांकडे इतकं बघितलं की मला साध्या उजेडातही निळं दिसायला लागलं. मग एका दुपारी तिने वाक्य पुरं केलं. भात नको, असं साधंच वाक्य, पण शेवटपर्यंत. खोकला आहे अजून, डॉक्टर म्हणतात तो रेंगाळेल, त्याला घाबरू नका. मी घाबरते. तो आला तरी घाबरते, बराच वेळ आला नाही तरी उठून बघते.

तशीच आज दुपारी उठले, तर अंथरूण रिकामं. हाक मारली, उत्तर नाही. मोरी बघितली, गॅलरी बघितली.  ठके, तशीच दाराकडे धावले तर जिन्यात ही! बादलीभर साबणाचं पाणी वरच्या पायरीवरून ओतलेलं, आणि तुझी लेक माझ्या चांगल्या पाटावर बसून त्यावरून घसरत खाली. अंगात नुसता फ्रॉक. भिजलेली. काका खाली पिशवी घेऊन खांबाला मिठी मारून उभे, ना वर येता येत, ना खाली जाता येत.

मग मी ओरडले. अगं ए भवाने, आजारातून उठलीयेस की अक्कल विकून आलीयेस, पाट काय बापाच्या बोटीतला आहे का, असं जे तोंडाला येईल ते. ओरडता ओरडता माझ्या लक्षात आलं की खोकला सुरू झाल्यापासून मी या पोरीवर एकदाही आवाज चढवला नव्हता. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण आधी आ वासून बघत राहिली. मग रडायला लागली.

कशी रडली म्हणून सांगू! मोठ्यांदा, एका दमात, मध्ये कुठेही न थांबता. अख्ख्या इमारतीची दारं उघडली. काकू म्हणाल्या, अहो, गप्प करा ना तिला. मी म्हटलं, थांबा हो जरा. आणि कमरेवर हात ठेवून ऐकत उभी राहिले.

आजी